रक्तपिशाच आणि उजेड : एका चित्रपटीय संकेताचा इतिहास

१

रक्तपिशाच सूर्यप्रकाशात नष्ट होते, ही गोष्ट आज कोणाही सामान्य प्रेक्षकाला ठाऊक असते. लसूण, क्रूस, आरशात न पडणारे प्रतिबिंब, हृदयात ठोकलेली मेख ह्यांच्या पंक्तीत ती इतक्या सहजपणे जाऊन बसली आहे की, तिचे मूळ पूर्व युरोपातील लोकसमजुतींत किंवा निदान ब्रॅम स्टोकरच्या कादंबरीत असणार, असे अनेकदा अभ्यासकही गृहीत धरून चालतात. वस्तुस्थिती तशी नाही. १८९७ साली प्रसिद्ध झालेल्या 'ड्रॅक्युला' ह्या कादंबरीतला काउंट भर दिवसा लंडनच्या पिकॅडिलीत उभा असतो. जोनाथन हार्कर त्याला तेथे पाहतो आणि हादरून जातो. दिवसा ह्या काउंटची शक्ती मर्यादित होते, हवे तेव्हा रूप बदलण्याची मुभा त्याला उरत नाही, एवढेच काय ते बंधन. त्याचा अंत होतो तो सूर्यास्ताच्या क्षणी आणि तोही दोन सुऱ्यांनी. त्यांतली हार्करच्या हातातली कुकरी आहे. साम्राज्याच्या दूरच्या कडेवरून आलेले हे हत्यार इंग्लंडवर चालून आलेल्या परक्याचा गळा कापण्यासाठी स्टोकरला वापरावेसे वाटले, ही बाब स्वतंत्र विचाराची आहे. तूर्त एवढेच नोंदवायचे की, ह्या मृत्यूशी उजेडाचा काही संबंध नाही.

स्टोकरच्या आधीची परंपरा पाहिली तर उलटाच प्रकार आढळतो. जॉन पॉलिडोरीच्या 'द व्हॅम्पायर' ह्या १८१९ सालच्या कथेत (ती प्रथम छापली गेली बायरनच्या नावावर, हाही ह्या वाङ्मयप्रकाराच्या वंशावळीतला एक बोलका अपघात) लॉर्ड रुथवेनचे प्रेत चंद्राच्या पहिल्या किरणात ठेवले जाते आणि तो पुन्हा उठतो. १८४५ ते १८४७ ह्या काळात स्वस्त अंकांतून निघालेल्या 'व्हार्नी द व्हॅम्पायर'मध्येही चांदणे त्या पिशाचाला पुन्हा जीव देते. शेरिडन ल फानूची कार्मिला दिवसा बागेत हिंडते, फक्त लवकर थकते. एकोणिसाव्या शतकात उजेड म्हणजे चांदणे, आणि ते जीवदान देते. विसाव्या शतकात उजेड म्हणजे ऊन, आणि ते मारते. मधल्या काळात काय घडले ह्याचे उत्तर वाङ्मयात मिळत नाही. ते शोधण्यासाठी १९२२ सालच्या एका जर्मन मूकपटाकडे जावे लागते.

रक्तपिशाचांच्या चित्रपटांविषयी जी विवेचने आपल्याकडे व इतरत्र लिहिली जातात, त्यांत 'दर दशकाला त्याचे पिशाच' हे सूत्र फार लोकप्रिय आहे. विशीतले पिशाच म्हणजे युद्धोत्तर जर्मनीची साथग्रस्त भीती, तिशीतले म्हणजे मंदीत सापडलेल्या अमेरिकेला लुबाडणारा सरदार, पन्नाशीतले म्हणजे दबलेली लैंगिकता, वगैरे. ह्या सूत्राला मोठमोठ्या नावांचा आधारही आहे. सीगफ्रीड क्राकाउअर ह्याने १९४७ मध्ये जर्मन चित्रपटांतल्या जुलमी पुरुषांची जी मालिका लावली, तीत 'नोस्फेरातू' आहे. फ्रांको मोरेत्तीने ड्रॅक्युलाचा अर्थ भांडवल असा लावला, आणि त्यासाठी त्याला मार्क्सच्या 'कॅपिटल'मधले रक्तशोषणाचे रूपक तयारच मिळाले. ही अर्थनिर्णयने चुकीची आहेत असे नव्हे. पण त्यांत चित्रपट हा कशाचे तरी लक्षण म्हणूनच उरतो. तो स्वतः काही घडवतो, एखादा संकेत निर्माण करतो आणि तो पुढे वाङ्मयावर व समजुतींवरही लादतो, ही शक्यता विचारात येत नाही. उजेडाने होणाऱ्या मृत्यूचा इतिहास हे त्या शक्यतेचे एक उदाहरण आहे.

२

प्रथम संज्ञेविषयी थोडे. मराठीत 'व्हॅम्पायर'साठी कधी 'वेताळ' हा शब्द वापरला जातो. ह्या घोटाळ्याला इंग्रजीतूनही हातभार लागला आहे, कारण रिचर्ड बर्टनने वेताळपंचविशीतील कथांवर रचलेल्या आपल्या १८७० सालच्या पुस्तकाच्या शीर्षकात वेताळाला व्हॅम्पायर केले. बर्टनशी स्टोकरची ओळख होती, आणि हेन्री आयर्विंगवरील आठवणींच्या १९०६ सालच्या ग्रंथात त्याने बर्टनच्या सुळ्यांचे वर्णनही करून ठेवले आहे. परंतु आपला वेताळ रक्त पीत नाही; कोकणात आणि गोव्यात तर तो ग्रामरक्षक देव आहे. ह्याहून महत्त्वाचा भेद निवेदनाचा आहे. वेताळपंचविशीत प्रेतात शिरलेला वेताळ हाच कथा सांगणारा असतो आणि जिवंत राजाला मौन पाळावे लागते. स्टोकरच्या कादंबरीत नेमके ह्याच्या उलट आहे. तेथे जिवंत माणसे अखंड लिहीत असतात आणि पिशाचाला निवेदनाचा अधिकारच नाही. म्हणून प्रस्तुत लेखात 'रक्तपिशाच' हीच संज्ञा वापरली आहे.

कादंबरीचा रूपबंध सर्वज्ञात आहे. हार्करची लघुलिपीतली रोजनिशी, मीनाची पत्रे, डॉ. सेवर्डच्या फोनोग्राफच्या मेणाच्या नळकांड्या, वर्तमानपत्रांची कात्रणे, 'डिमीटर' जहाजाच्या कप्तानाची नोंदवही अशा कागदपत्रांतून ती उभी राहते. एकदोन चिठ्ठ्या वगळता ह्या संग्रहात ड्रॅक्युलाच्या हातचे काही नाही. हे सारे साहित्य कालक्रमाने लावून, टंकलेखन करून, त्याच्या प्रती काढण्याचे काम मीना करते. आणि ड्रॅक्युला मूळ हस्तलिखिते व नळकांड्या जाळतो तेव्हा तिजोरीतली प्रत शाबूत राहते म्हणूनच पाठलाग शक्य होतो. शेवटच्या टिपणात हार्कर खेदाने कबूल करतो की, आता अस्सल म्हणावा असा कागद जवळजवळ उरलेलाच नाही, आहे ती केवळ टंकलिखितांची रास. फ्रीड्रिश किटलरने आणि नंतर जेनिफर विकीने ह्या बाजूकडे लक्ष वेधले. किटलरच्या मते ड्रॅक्युलाचा पराभव मेखेने होत नाही, तो दळणवळणाच्या आणि नोंदणीच्या नव्या यंत्रांनी होतो. आणि ह्या यंत्रांच्या केंद्रस्थानी टंकलेखक स्त्री आहे.

किटलर आणि विकी ह्यांचे म्हणणे मान्य केले तर एक प्रश्न उभा राहतो. ज्या पात्राचे सारे अस्तित्व दुसऱ्यांच्या लेखनात आहे, आणि ज्याचे आरशात प्रतिबिंब पडत नाही, जमिनीवर सावली पडत नाही, त्याला चित्रपट दाखवणार कसा?

३

मुर्नावच्या 'नोस्फेरातू'ची निर्मिती करणाऱ्या संस्थेचे नाव प्राना-फिल्म असे होते. हे नाव संस्कृत 'प्राण' शब्दावरून घेतलेले. कलादिग्दर्शक आणि संस्थेचा एक संस्थापक आल्बिन ग्राउ हा गूढविद्येचा अभ्यासक होता. संस्था १९२१ मध्ये स्थापन झाली, तिचा हा एकच चित्रपट पूर्ण झाला. पटकथा हेन्रिक गालीनची, छायालेखन फ्रिट्स आर्नो वाग्नरचे, ऑर्लोकच्या भूमिकेत माक्स श्रेक. पहिला खेळ ४ मार्च १९२२ रोजी बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयाच्या आवारातील संगमरवरी सभागृहात झाला.

वरच्या प्रश्नाला मुर्नावचे उत्तर असे की, त्याने स्टोकरचा नियम उलटा केला. कादंबरीतल्या काउंटला सावली नाही. ऑर्लोक मात्र शेवटी जवळजवळ सावलीच होऊन जातो. एलेनच्या घराचा जिना चढते ती त्याची सावली. तिच्या छातीवर येऊन मूठ आवळते तीही सावलीच. जंगलातून जाणाऱ्या बग्गीच्या दृश्यात फिल्मची ऋणप्रत तशीच वापरली आहे, त्यामुळे झाडे पांढरी आणि आकाश काळे दिसते. म्हणजे ह्या पिशाचाचे राज्य ज्या उलट्या जगात आहे, ते जग दुसरेतिसरे काही नसून फिल्मच्या निर्मितीतलीच एक अवस्था आहे. अशा पिशाचाला मेखेने मारणे विसंगत ठरले असते. एलेन त्याला कोंबडा आरवेपर्यंत आपल्यापाशी अडकवून ठेवते, खिडकीतून ऊन येते, आणि ऑर्लोक एका प्रतिमेवर दुसरी प्रतिमा चढवून विरून जातो. जमिनीवर थोडा धूर तेवढा उरतो. कोंबड्याचे आरवणे लोककथेतले आहे, तेथे ते भुताला परत जाण्याची वेळ सांगते. विरघळून नाहीसे होणे मात्र फिल्मचे आहे. उजेडाने उमटलेली आकृती जास्त उजेडाने पुसली जाते, हे छायाचित्रण करणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही.

दुसरी एक गोष्ट ह्या चित्रपटात राखली गेली आहे, तिच्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. मूकपटाला अक्षरपाट्या लागतातच, आणि गालीनने त्यांचा उपयोग करून कादंबरीचा दस्तऐवजी रूपबंध टिकवला. कथा १८३८ सालच्या विसबोर्गमधील साथीच्या बखरीतून सांगितली जाते. हुटरची पत्रे, जहाजाची नोंदवही, रक्तपिशाचांविषयीचे जुने पुस्तक हे सारे पडद्यावर वाचावयास मिळते. पुढच्या कोणत्याही बोलपटापेक्षा हा 'चोरलेला' मूकपट ह्या बाबतीत स्टोकरला अधिक जवळचा आहे. कादंबरीतली मीना लिहिते. येथली एलेन वाचते. पतीने मनाई केलेले पुस्तक ती उघडते आणि त्यातल्या मजकुरावरून स्वतः निर्णय घेते. तिच्या वाट्याला मृत्यू येतो हे खरे, पण निर्णय तिचा आहे.

हा चित्रपट दीर्घकाळ ज्या अवस्थेत पाहिला गेला, तिने एक गमतीदार विपर्यास घडवला. त्या काळच्या फिल्मवर रात्रीची बाह्यदृश्ये टिपणे कठीण होते, म्हणून ती दिवसा घेऊन नंतर निळ्या रंगात बुडवली जात. निळा रंग म्हणजे रात्र, हे प्रेक्षकाला माहीत असे. पुढे ज्या प्रती फिरल्या, त्यांतल्या बहुतेक रंगछटा नसलेल्या, केवळ कृष्णधवल होत्या. त्यांत ऑर्लोक आपली शवपेटी काखेत घेऊन विसबोर्गच्या रस्त्यांवरून चक्क उन्हात चालताना दिसतो! उन्हाने मरणारे पहिले पिशाच सबंध चित्रपटभर उन्हात वावरते, ह्या विसंगतीवर प्रेक्षक हसले असतील, आणि काही समीक्षकांनी तीत स्वप्नसदृश अर्थही पाहिले असतील. १९८० नंतर रंगछटांसह पुनःस्थापित केलेल्या प्रती उपलब्ध झाल्यावर हा प्रश्न निकालात निघाला. संहितेची चिकित्सा ही केवळ हस्तलिखितांच्या अभ्यासकांची गरज नव्हे, हे ह्यावरून ध्यानात यावे.

आता अवघड मुद्दा. ऑर्लोकचे पुढे आलेले नाक, त्याच्याबरोबर जहाजातून उतरणारे उंदीर, पूर्वेकडून येणारी साथ, आणि त्याचा हस्तक असलेला घरांचा दलाल क्नोक ही प्रतिमासृष्टी आज निर्विकारपणे पाहता येत नाही. १९४० च्या 'डेर एविगे यूडे' ह्या नाझी प्रचारपटात ज्यूंची उंदरांशी सांगड घालणारी दृश्ये ज्याने पाहिली आहेत, त्याला तर नाहीच. ह्यावर असे उत्तर दिले जाते की, गालीन स्वतः ज्यू होता, क्नोकची भूमिका करणारा आलेक्झांडर ग्रानाख ज्यू होता, आणि दोघांनाही १९३३ मध्ये जर्मनी सोडावी लागली. हे खरे आहे. पण प्रतिमेचा निकाल निर्मात्यांच्या जन्मदाखल्यावरून लागत नाही. माझ्या मते मुख्य प्रश्न नाकाचा नसून उजेडाचाच आहे. कादंबरीत ड्रॅक्युलाचा मृत्यू खाजगी आहे: चारपाच माणसांनी दूरच्या डोंगरात उरकलेला, जगाला न कळलेला. 'नोस्फेरातू'त त्याच्या मृत्यूसरशी गावातली साथ थांबते. परका विरघळला की गाव निरोगी होते, आणि हे काम कोणा माणसाच्या हातून न होता सूर्याकडून होते. म्हणजे ह्या नव्या संकेतात हत्येला निसर्गनियमाचे रूप मिळते. मेख ठोकणाऱ्याच्या हाताला रक्त लागते. खिडकी उघडणाऱ्याच्या हाताला काही लागत नाही. रूपकवादी समीक्षेची सर्वांत भक्कम बाजू कोणती असेल तर ती येथे आहे, आणि तिला सामोरे न जाता केवळ माध्यमाच्या सौंदर्याविषयी बोलणे हे पळवाट शोधण्यासारखे होईल. मुर्नावच्या पक्षी एवढेच म्हणता येते की, त्याच्या उजेडाने एलेनलाही वाचवले नाही.

४

चित्रपटाच्या सुरुवातीच्या पाट्यांत स्टोकरच्या कादंबरीचा उल्लेख प्रामाणिकपणे केलेला होता. परवानगी मात्र घेतलेली नव्हती. स्टोकर १९१२ मध्ये वारला होता. त्याची विधवा फ्लॉरेन्स हिने इंग्लंडमधील लेखकांच्या संघटनेमार्फत दावा लावला. प्राना-फिल्म १९२२ मध्येच दिवाळखोरीत निघाली, त्यामुळे भरपाई मिळण्याची आशा नव्हती. १९२५ साली बर्लिनच्या न्यायालयाने चित्रपटाच्या सर्व प्रती व ऋणप्रती नष्ट करण्याचा आदेश दिला.

फ्लॉरेन्सबाईंची ह्या प्रकरणात कजाग म्हातारी म्हणून थट्टा करण्याची चित्रपटरसिकांना सवय आहे. ती अन्यायकारक आहे. नवऱ्याच्या पुस्तकांतून मिळणाऱ्या उत्पन्नावर तिचा हक्क होता आणि त्या उत्पन्नात 'ड्रॅक्युला'चा वाटा मोठा होता. स्टोकरने स्वतः मे १८९७ मध्ये, कादंबरी बाजारात येण्याच्या सुमारास, लायसियम नाट्यगृहात तिचे नाट्यवाचन घडवून आणले होते, ते केवळ नाट्यरूपांतराचे हक्क कायद्याने राखण्यासाठी. जिवंत रंगमंचावर ड्रॅक्युला प्रथम अवतरला तो कायदेशीर औपचारिकता म्हणून! तेव्हा विधवेने तेच धोरण पुढे चालवले, ह्यात नवल नाही. नवल आहे ते आदेश निष्फळ ठरण्याचे. काही प्रती परदेशात गेलेल्या होत्या; १९२९ मध्ये चित्रपट न्यूयॉर्कमध्ये दाखवला गेला. मूळ जळते आणि प्रत उरते, हे कादंबरीतले कथानक चित्रपटाच्या बाबतीत अक्षरशः घडले. आज ज्याला आपण अभिजात कृती म्हणून अभ्यासक्रमात लावतो, ती न्यायालयाच्या दृष्टीने अस्तित्वातच नसावयास हवी होती. माध्यमांतराचा विचार करताना 'मूळ संहितेशी निष्ठा' हा निकष किती लंगडा आहे, हे सांगावयास दुसऱ्या उदाहरणाची गरज नाही. ज्या कादंबरीतच अस्सल कागद उरलेला नाही, तिच्याशी निष्ठा कोणत्या अर्थाने राखावयाची?

५

फ्लॉरेन्सच्या परवानगीने जे झाले ते नाटक. हॅमिल्टन डीनने १९२४ मध्ये डर्बी येथे ते रंगमंचावर आणले. १९२७ मध्ये ते लंडनला आले, आणि त्याच वर्षी जॉन बॉल्डरस्टनने केलेल्या फेरलेखनासह न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर बेला लुगोसीच्या प्रमुख भूमिकेत गेले. संध्याकाळचा पोशाख, काळा झगा, त्याची उभी कॉलर हे सारे ह्या नाटकाचे देणे. कॉलर उंच असण्याचे कारण अगदी व्यावहारिक होते: पाठमोऱ्या नटाचे डोके झाकले की, त्याला रंगमंचावरील चोरदारातून खाली निसटता येत असे. पुढे पाऊणशे वर्षे जी कॉलर सरंजामी दिमाखाचे चिन्ह म्हणून वाचली गेली, ती अशी सुताराच्या सोयीतून आली आहे.

युनिव्हर्सलचा 'ड्रॅक्युला' (फेब्रुवारी १९३१, दिग्दर्शक टॉड ब्राऊनिंग) हा ह्या नाटकाचा वारस आहे, कादंबरीचा नव्हे. बोलपटाने दोन गोष्टी एकदम केल्या. कागदपत्रे गेली, येथली मीना टंकलेखन करीत नाही, ती डॉ. सेवर्डची मुलगी होऊन दिवाणखान्यात बसते. आणि काउंटला आवाज मिळाला. कादंबरीतला ड्रॅक्युला हार्करला सांगतो की, आपल्या बोलण्यावरून लंडनमध्ये कोणी आपल्याला परका म्हणून ओळखू नये, अशी त्याची इच्छा आहे. ह्या तपशिलावर स्टीव्हन अराटाने १९९० मध्ये 'उलट्या वसाहतीकरणा'चे आपले विवेचन उभारले. लुगोसीने नेमके तेच पुसून टाकले. हंगेरियन वळणाचे त्याचे संथ, शब्दाशब्दावर थांबणारे इंग्रजी हेच पिशाचाचे लक्षण ठरले. इंग्रजाहून अधिक इंग्रज होऊ पाहणारा, म्हणूनच भयंकर, असा स्टोकरचा काउंट जाऊन तोंड उघडताच परका ठरणारा काउंट आला. भीतीच्या दृष्टीने पाहता हे सौम्यीकरण आहे, असे माझे मत आहे. परका ओळखू येतो, ह्यात शेवटी दिलासाच असतो.

आणि उजेड? मुर्नावच्या 'डेर लेट्स्टे मान'चे छायालेखन केलेला कार्ल फ्रॉइन्ड हाच ब्राऊनिंगचा छायालेखक. पण येथे उजेड काउंटला मारीत नाही. दोन बारीक झोत लुगोसीच्या डोळ्यांवर सोडले आहेत. उजेड ही त्याची संमोहनशक्ती आहे. मृत्यू होतो मेखेने, तोही पडद्याबाहेर. आपल्याला फक्त विव्हळणे ऐकू येते. आवाजाने अवतरलेला काउंट आवाजानेच जातो. पार्श्वसंगीत जवळजवळ नसल्याने चित्रपटात मोठमोठ्या शांतता आहेत, आणि त्याचा पहिला अर्धा तास सोडला तर त्या कंटाळवाण्या होतात. त्याच नेपथ्यात रात्रपाळीने जॉर्ज मेलफर्डने केलेली स्पॅनिश आवृत्ती छायालेखनाच्या दृष्टीने कितीतरी अधिक जिवंत आहे. मात्र तिच्यापाशी लुगोसी नाही. ह्या चित्रपटाच्या पहिल्या खेळानंतर महिन्याभरातच, ११ मार्च १९३१ रोजी, मुर्नाव कॅलिफोर्नियात मोटार अपघातात वारला.

६

उजेडाचा धागा मधल्या काळात एकाच मोठ्या दिग्दर्शकाने उचलला, आणि तोही आडवळणाने. कार्ल थिओडोर ड्रायरचा 'व्हॅम्पीर' १९३२ साली बर्लिनमध्ये प्रदर्शित झाला आणि प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. ल फानूच्या कथासंग्रहाचा त्याला नाममात्र आधार आहे. भिंगापुढे तलम कापड धरून टिपलेल्या ह्या चित्रपटात काळोख जवळजवळ नाहीच. आहे तो दुधट, धुरकट पांढरेपणा. शरीरांपासून सुटलेल्या सावल्या भिंतीवर स्वतंत्रपणे कामे करतात. पिशाच म्हणजे एक आंधळी वृद्धा, तिला लोखंडी पहारीने मारले जाते. पण लक्षात राहतो तो तिच्या हस्तक डॉक्टरचा शेवट, गिरणीत वरून पडणाऱ्या पिठाखाली गुदमरून झालेला. पांढऱ्याने गिळलेला माणूस! मुर्नावने जे किरणाने केले ते ड्रायरने पिठाने केले. ह्या चित्रपटाला वंशज नाहीत, म्हणून लोकप्रिय इतिहासांत त्याला एखादे वाक्य मिळते. माझ्या दृष्टीने ह्या प्रकारातला तो सर्वश्रेष्ठ चित्रपट आहे.

उन्हाने येणारा मृत्यू रूढ झाला तो पुढे, आणि तुलनेने सामान्य चित्रपटांतून. १९४३ सालच्या रॉबर्ट सीओडमॅकच्या 'सन ऑफ ड्रॅक्युला'त काउंट उगवत्या सूर्यामुळे नष्ट होतो. त्याच वर्षीच्या 'द रिटर्न ऑफ द व्हॅम्पायर'मध्ये, बॉम्बहल्ल्यांनी उद्ध्वस्त झालेल्या लंडनच्या पार्श्वभूमीवर, लुगोसीचा चेहरा उन्हात वितळतो. सीओडमॅक जर्मनीतून आलेला. तेव्हा हा संकेत त्याच्याबरोबर आला असावा, असा तर्क करण्यास जागा आहे.

संकेताला शास्त्राचे रूप दिले ते मात्र हॅमरच्या 'ड्रॅक्युला'ने. टेरेन्स फिशरचे दिग्दर्शन, जिमी सँग्स्टरची पटकथा, वर्ष १९५८. ह्यात पीटर कुशिंगचा व्हॅन हेल्सिंग फोनोग्राफसमोर बसून रक्तपिशाचांविषयीची टिपणे नोंदवतो. फोनोग्राफ कादंबरीतला, त्यावर नोंदवलेला नियम, सूर्यप्रकाश पिशाचाला प्राणघातक असतो हा, कादंबरीत कोठेही नाही. जुन्या यंत्राच्या तोंडून नव्या नियमाला जुनेपणाची प्रतिष्ठा मिळाली. पिशाच वटवाघूळ किंवा लांडगा होते ही कल्पना, जी खरोखर स्टोकरची आहे, ती मात्र हाच व्हॅन हेल्सिंग भाबडा समज म्हणून बाजूस सारतो. ख्रिस्तोफर लीला सुरुवातीच्या काही वाक्यांनंतर संवाद नाहीत. म्हणजे लुगोसीचा आवाज काढून घेऊन काउंट पुन्हा शरीर बनवला, पण ह्या वेळी रंगीत. शेवटी कुशिंग लांब टेबलावरून धावत जाऊन पडदे खाली ओढतो, दोन मेणबत्तीदाण्यांचा क्रूस करतो आणि लीला उन्हाच्या पट्ट्यात ढकलतो. काउंटची राख होते. ब्रिटिश सेन्सॉरच्या कात्रीतून वाचलेले ह्या विघटनाचे जादा तुकडे २०११ मध्ये टोकियोच्या राष्ट्रीय चित्रपटकेंद्रातील जपानी प्रतीत सापडले. इथेही दूरदेशी गेलेली प्रतच उपयोगी पडली.

क्रूस आणि ऊन ही दोन शस्त्रे फिशरने एकत्र वापरली. त्यांतले कोणते प्रवास करू शकते ते लाहोरमध्ये ठरले. १९६७ सालचा ख्वाजा सरफराज ह्यांचा 'जिंदा लाश' हा उर्दू चित्रपट हॅमरच्या कथानकावर बेतलेला आहे. त्यातील प्राध्यापक अमृत शोधता शोधता पिशाच बनतो. क्रूसाला तेथे काही स्थान असणे शक्य नव्हते. प्राध्यापक मरतो तो उन्हाने. धर्माच्या चिन्हाला सीमा असतात. उजेडाला भाषांतराची गरज पडली नाही, ह्यातच त्याचे मूळ कोणत्याही एका समाजाच्या श्रद्धेत नसून सर्वांना समान असलेल्या माध्यमात आहे, ह्याचा पुरावा मिळतो.

७

संकेत पूर्ण रूढ झाल्यावर विचारी दिग्दर्शक त्याच्याकडे संशयाने पाहू लागतात. वेर्नर हेर्त्सोगचा १९७९ चा 'नोस्फेरातू' मुर्नावला वाहिलेली आदरांजली मानला जातो. परंतु शेवटाशी त्याने केलेला बदल आदरांजलीपेक्षा प्रत्युत्तर आहे. क्लाउस किन्स्कीचा काउंट पहाटेच्या उजेडात कोसळतो, लुसी मरते, येथपर्यंत सर्व मुर्नावप्रमाणे. मग व्हॅन हेल्सिंग येऊन उशिराने मेख ठोकतो आणि खुनी म्हणून पकडला जातो. ज्याला निसर्गनियम म्हणून सादर केले होते ते कृत्य पुन्हा हत्या ठरते. गावातली साथही थांबलेली नाही. आणि पिशाच झालेला हार्कर घोड्यावर बसून वाऱ्याने उडणाऱ्या वाळूतून निघून जातो, भर दिवसा. १९२२ च्या शेवटात जे सामाजिक शुद्धीकरण लपले होते ते एका जर्मन दिग्दर्शकाने १९७९ मध्ये अशा रीतीने नाकारले, ह्याची पुरेशी दखल घेतली गेलेली नाही.

फ्रान्सिस फोर्ड कोपोलाच्या १९९२ च्या चित्रपटाने शीर्षकातच स्टोकरचे नाव घालून निष्ठेचा दावा केला. कागदपत्रे परत आली, मीनाचे टंकलेखनयंत्रही आले. त्याचबरोबर काउंटची गतजन्मीची पत्नी म्हणजेच मीना, ही प्रेमकथा आली, जी कादंबरीत मुळीच नाही. बॉल्डरस्टननेच लिहिलेल्या १९३२ च्या 'द ममी'त मात्र ती वेगळ्या रूपात सापडते. ह्या प्रेमकथेने लिहिणारी मीना पुन्हा प्रेयसी झाली, आणि माझ्या मते चित्रपटाचे तेथेच नुकसान झाले. पण एका जागी कोपोलाने ह्या सबंध इतिहासाचे भान दाखवले आहे. व्हॅन हेल्सिंगचा आवाज आपल्याला सांगतो की, प्रचलित समजुतीच्या उलट रक्तपिशाच दिवसाही हिंडू शकते, फक्त तेव्हा ते दुबळे असते. स्टोकरचा नियम पंचाण्णव वर्षांनी पडद्यावर परत आला. लंडनच्या रस्त्याचा तो तुकडा हाताने फिरवायच्या जुन्या कॅमेऱ्याने टिपला आहे. उन्हातून चालत आलेला काउंट मीनाला गाठतो आणि दोघे जातात कोठे, तर सिनेमॅटोग्राफचा खेळ पाहावयास. ल्यूमिएर बंधूंचे हे नवल १८९६ च्या फेब्रुवारीत लंडनला आणि जुलैत मुंबईच्या वॉटसन हॉटेलात पोचले होते. स्टोकरची कादंबरी त्यानंतर वर्षाच्या आत आली, आणि फोनोग्राफपासून टंकलेखनयंत्रापर्यंत सारी यंत्रे जमवणाऱ्या त्या पुस्तकात ह्या एका यंत्राला जागा नव्हती. कोपोलाने ती करून दिली. अंधाऱ्या तंबूत पडद्यावरच्या हलत्या आकृती पाहत काउंट उभा असतो, आणि प्रक्षेपकाचा उजेड त्याच्या अंगावरून जातो. त्याला काहीही होत नाही.